घास उतरंना: लंबमज्जेतल्या झटक्यानंतर बिघडलेल्या गिळण्याचा एक प्रकरण अभ्यास

रुग्ण: पुरुष, वय ६१, वजन ६४ किलो, करवीर तालुका. गळीत हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा. रक्तदाब आठ वर्षांपासून, गोळी मधूनमधून चुकलेली. तंबाखू-चुना रोजचा. घरात सगळे ‘आबा’ म्हणतात, तोच शब्द पुढे वापरला आहे. हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचं नाही. या आजाराची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेचा रक्तपुरवठा अचानक तुटून येणाऱ्या झटक्याची, जी वाट नेहमी दिसते, तिच्यावरून ते शिकण्यासाठी बांधलं आहे, आणि दिवस व मोजमापं त्या वाटेला धरून आहेत.

पहाटे उसाचा रस उकळायच्या काइलीपाशी उभं असताना आबांना एकदम भोवळ आली. दोन उलट्या झाल्या, चालताना तोल डावीकडे जायला लागला आणि आवाज घोगरा झाला. हातापायांत ताकद पूर्ण होती, तोंड वाकडं नव्हतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, त्यामुळे पित्त आणि कानातली चक्कर असं समजून गोळ्या मिळाल्या व आबा घरी आले. संध्याकाळी उचकी लागली ती थांबेना.

घरच्यांचा अंदाज सरळ होता: “घशाला कोरड पडलीया, म्हणून घास उतरंना.” भाकरी अडकते तर पातळ द्यावं, म्हणून चहा, ताक, तांदळाची पेज आणि उसाचा रस सुरू झाला. प्रत्येक घोटाला ठसका लागायचा आणि काही भाग नाकातून परत यायचा. तिसऱ्या दिवशी ठसका कमी झाला. उतार पडला असं सगळ्यांना वाटलं. पाचव्या दिवशी १०२ ताप भरला, आणि सहाव्या दिवशी कोल्हापुरातल्या रुग्णालयात काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला.

या सहा दिवसांत सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्या दिवशीच्या त्या समजुतीने केलं. पाणी श्वासनलिकेत जाणं थांबलं नव्हतं, ते जातंय हे घशाला कळणं थांबलं होतं. ठसका ही राखण आहे. गिळण्यात कोणतीही सुधारणा न दिसता ठसका आपोआप कमी होत असेल, तर राखणदार झोपला असं समजून तोंडाने देणं तिथेच थांबवावं.

एमआरआयमध्ये लंबमज्जेच्या डाव्या कडेला रक्तपुरवठा तुटल्याची खूण मिळाली. १८९५ साली अडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी वर्णन केलेला हाच तो झटका. मेंदूच्या या तळच्या भागात छोटा झटका आला तर सीटीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही कधी कधी फसवतो. म्हणून चक्करेबरोबर घोगरा आवाज, न थांबणारी उचकी आणि गिळताना ठसका अशी सांगड दिसली, तर हातापायांची ताकद चांगली आहे या एका गोष्टीवर झटका नाही असं ठरवू नये. आबांच्या डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली होती, डाव्या गालावर आणि उजव्या हातापायावर गार-गरम नीट कळत नव्हतं. ही सगळी लक्षणं एकाच जागेकडे बोट दाखवतात.

बिघाड नेमका कुठे

घास घशाच्या तोंडाशी पोचल्यापासून अन्ननलिकेत शिरेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतं, स्वरतंतू मिटतात, कंठमणी वर आणि पुढे सरकतो, श्वासनलिकेवरची झडप कलते, जिभेचं मूळ मागे रेटा देतं आणि अन्ननलिकेच्या वरच्या टोकाचा स्नायू, म्हणजे तिचं दार, उघडतं. हे दार एरवी घट्ट मिटलेलं असतं. ते उघडायला तीन गोष्टी लागतात: स्नायूने स्वतः सैल होणं, कंठमणीने पुढे जाताना त्याला ओढणं, आणि वरून घासाचा दाब येणं.

हा सगळा क्रम लंबमज्जेत ठरतो. आबांची इजा एकाच बाजूची होती, तरी सुरुवातीच्या दिवसांत घशाच्या दोन्ही बाजू मंदावतात, कारण लंबमज्जेतले दोन्ही अर्ध मिळून गिळण्याची लय चालवतात. परिणाम असा की दार पुरेसं उघडत नाही, डावा स्वरतंतू नीट मिटत नाही, आणि घशाच्या डाव्या भिंतीत जोर राहत नाही.

इथून दोन उलट अडचणी निघतात, आणि पुढच्या उपचारातला प्रत्येक निर्णय त्यांच्यामधून वाट काढण्याचा आहे. पाणी वेगाने धावतं. गिळणं उशिरा सुरू झालं तर स्वरतंतू मिटायच्या आधीच ते श्वासनलिकेत उतरतं. घट्ट पदार्थ हळू सरकतो, वेळ देतो, पण त्याला रेटा लागतो. रेटा कमी आणि दार अर्धवट उघडं असेल, तर तो दाराच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत साठतो आणि गिळून झाल्यावर, श्वास घेताना आत पडतो. ‘पातळ म्हणजे सोपं’ ही घरातली समजूत चुकीची आहे. ‘घट्ट करून दिलं की सुरक्षित’ ही दवाखान्यात ऐकू येणारी समजूतही तितकीच अर्धवट आहे.

तपासणी

आधी प्रश्न. अडतं कुठे, घशात की छातीत? घनाला अडतं, पातळाला की दोन्हीला? हे अचानक सुरू झालं की महिन्यामहिन्याने वाढत गेलं? आधी भाकरी, मग भात, मग पेज अशी वाढत जाणारी अडचण आणि सोबत वजन घटणं असेल, तर अन्ननलिकेतल्या गाठीसाठी दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. सुरुवातीपासून घन आणि पातळ दोन्ही छातीत अडत असतील तर अन्ननलिकेच्या हालचालीचा आजार असू शकतो. मावा-गुटखा खाणाऱ्यांत तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजावं, कारण तिथे घास आत जाण्याचीच अडचण असते. आबांचं उत्तर स्वच्छ होतं: अचानक, घशात, आणि पाण्याला सगळ्यात जास्त.

मग तोंड. ‘आ’ म्हणायला लावल्यावर पडजीभ उजवीकडे ओढली गेली, डावं टाळू लोंबतं राहिलं. खोकला पोकळ, आवाज हवा सुटल्यासारखा. लाळ गिळता येत नव्हती. ते दर मिनिटा-दोन मिनिटांनी वाटीत थुंकत होते. घशाला काडी लावून ओकारी येते का हे पाहण्यावर अजूनही फार भर दिला जातो. ओकारी येणं आणि सुरक्षित गिळणं यांचा भरवशाचा संबंध नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिजन मापकावरूनही पाणी फुप्फुसात गेलं की नाही हे खात्रीने कळत नाही.

खाटेपाशी ‘गस’ ही चाळणी परीक्षा घेतली. तिचा पहिला भाग घास न देताच होतो: जागेपणा, ऐच्छिक खोकला, लाळ गिळणं, लाळ न गळणं, आवाज न बदलणं, प्रत्येकी एक गुण. पाचापैकी पाच मिळाले तरच पुढे अर्धघन, मग पातळ, मग घन द्यायचं. आबांना दोन मिळाले. परीक्षा तिथेच संपली, पाण्याचा थेंबही दिला नाही. ‘एक घोट देऊन बघू’ हा मोह इथे होतो, आणि आधीच न्यूमोनिया असलेल्या माणसाला तो घोट महाग पडतो.

ताप उतरल्यावर, नवव्या दिवशी, नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी केली. तिला फीज म्हणतात. घसा बधिर केला नाही, कारण बधिर केल्यास जी संवेदना तपासायची तीच पुसली जाते. पदार्थांत खाण्याचा हिरवा रंग मिसळला, म्हणजे लाळ आणि घास वेगळे ओळखू येतात. घास देण्याआधीच दोन्ही खळग्यांत लाळेची तळी दिसली. ३ मिली पाणी दिल्यावर ते स्वरतंतूंच्या खाली गेलं आणि खोकला आला नाही. घास श्वासाच्या वाटेत किती खोल गेला ते सांगणाऱ्या, १९९६ पासून वापरात असलेल्या आठ पायऱ्यांच्या मापावर ही शेवटची, सगळ्यात वाईट, आठवी पायरी. ३ मिली घट्ट लापशी आत गेली नाही, पण बहुतेक सगळी डाव्या खळग्यात बसून राहिली. मान डावीकडे, म्हणजे अशक्त बाजूला वळवून तीच लापशी दिली तेव्हा उरलेला साठा दिसण्याइतका कमी झाला. मान वळवल्याने अशक्त बाजूची वाट दाबली जाते, घास सशक्त बाजूने जातो, आणि दारावरचा ताणही कमी होतो.

दुर्बिणीत नेमक्या गिळण्याच्या क्षणी चित्र पांढरं होतं, त्यामुळे दार किती उघडतं ते कळत नाही. त्यासाठी तिसऱ्या आठवड्यात बेरियम मिसळून व्हिडिओ एक्स-रे घेतला. दार उघडत होतं, पण कमी आणि थोडा वेळ.

नळीचे दिवस

सहाव्या दिवशीच १४ नंबरची राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, घातली होती. नळी जठरातच आहे याची खात्री एक्स-रेने करावी. पुढे रोज बाहेर काढलेल्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ किंवा कमी आहे का ते पट्टीने पाहावं. हवा सोडून पोटावर गुडगुड ऐकण्याच्या पद्धतीवर विसंबू नये, फुप्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देऊ शकते.

आबांची गरज रोज १६०० ते १९०० कॅलरी आणि ६५ ते ७५ ग्रॅम प्रथिनं होती. पण पाच दिवसांहून जास्त पोटात फारसं काही गेलं नव्हतं. उपाशी शरीराला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं. म्हणून पहिले दोन दिवस निम्मा आहार, सोबत थायमिन आणि रक्ततपासणी, मग हळूहळू वाढ. नंतर नळीतून द्यायचा पातळ आहार, म्हणजे फीड, २०० ते २५० मिलीचा दिवसातून सात वेळा. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडनंतर अर्धा ते एक तास तसंच बसणं, आधी आणि नंतर ३० मिली पाणी. घरची नाचणी-दूध-मूगडाळीची फीड चालते, पण ती बारीक चाळणीतून दोनदा गाळावी आणि दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये. नळी तुंबण्याचं बहुतेक वेळा कारण कुस्करलेली गोळी असते. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक करून, पाण्याबरोबर द्यावी. दीर्घकाळ परिणाम करणारी रक्तदाबाची गोळी मात्र कधीच कुस्करू नये, दिवसभराचा डोस एका वेळी उतरतो. आबांची ती गोळी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागली.

तोंड स्वच्छ ठेवणं या काळात औषधाइतकंच मोलाचं आहे. तोंडाने जेवत नाही म्हणून दात घासायचे नाहीत, हे उलटं आहे. लाळ फुप्फुसात जातेच, प्रश्न एवढाच की ती कशी लाळ आहे. मऊ ब्रशने दिवसातून तीन वेळा, अगदी थोडी पेस्ट, फेस कापडाने किंवा सक्शनने काढून. तंबाखूची पुडी सूनबाईंनी पहिल्याच दिवशी खिशातून काढली.

व्यायाम दुसऱ्या आठवड्यापासून. पहिला, जोराने गिळणं: जीभ टाळूला दाबून, सगळा जोर लावून लाळ गिळायची. दुसरा मेंडेल्सन: बोटं कंठमण्यावर ठेवून गिळायचं आणि तो वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे दार जास्त वेळ उघडं राहतं. शिकायला हा अवघड आहे. आबांना पाच दिवस लागले, आणि आरशाने जे साधलं नाही ते स्वतःच्या बोटांनी साधलं. उताणं झोपून डोकं उचलण्याचा व्यायाम चक्करेमुळे जमला नाही. त्याऐवजी बसून हनुवटीखाली साधारण १२ सेंटीमीटरचा रबरी चेंडू दाबणं दिलं: ६० सेकंद धरणं तीन वेळा, मग ३० वेळा दाब-सोड, दिवसातून तीनदा, सहा आठवडे.

इथे एक चूक मधेच घडली. भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने आपल्या माणसाला उपयोगी पडलेली युक्ती आबांना शिकवली: हनुवटी छातीला लावून गिळायचं. गिळणं उशिरा सुरू होतं त्यांना ती खरंच मदत करते. आबांच्या खळग्यांत मात्र साठा होता, आणि मान पुढे वाकवली की तो श्वासनलिकेवर सांडत होता. दोन दिवस ओला, गुरगुरणारा आवाज आला तेव्हा कारण सापडलं. गिळण्याची युक्ती औषधासारखीच ज्याची त्याची असते, शेजाऱ्याची उचलू नये.

स्वयंपाकघर

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंडाने चव सुरू झाली. पातळ आत जातं, घट्ट साठतं, मग मधली जाडी. आंतरराष्ट्रीय मापात (आयडीडीएसआय) पातळी ० म्हणजे पाणी आणि ४ म्हणजे चमच्यावर ढीग राहणारी लापशी. आबांना चाललं ते पातळी २. ते मोजायला फक्त १० मिलीची सिरिंज लागते, जिच्या ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर आहे. दट्ट्या काढायचा, टोक बोटाने बंद करून १० मिलीपर्यंत भरायचं, बोट सोडून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बंद करायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३, काहीच वाहिलं नाही तर ४.

आबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. झाऱ्यावरून पाक कसा सुटतो ते बघून काइल कधी उतरवायची हे ज्याने आयुष्यभर ठरवलं, त्याच्या डोळ्याला जाडी नवी नाही. चौथ्या आठवड्यापासून सिरिंज त्यांच्याच हातात होती.

घरात काय काय मोजलं गेलं ते सांगण्यासारखं आहे. ताक पातळी ०, कितीही थंड असलं तरी. नाचणीची आंबील गाळून गरम असताना ३ मिली उरली, म्हणजे पातळी १. तीच वीस मिनिटांनी कोमट झाल्यावर ७ मिली, म्हणजे २. म्हणून मोजायचं ते ताटात वाढतानाच्या तपमानाला, चुलीवर नाही. काकवी गार असताना घट्ट वाटते, पण लाळेत मिसळून पातळ होते, तिच्यावर भरवसा नाही. आइस्क्रीम आणि बर्फ तोंडात पाणीच होतात. पिठाने दाट केलेल्या कशातही लाळेतला घटक काम करतो आणि ते पातळ होत जातं, म्हणून तोंडात घातलेला चमचा परत वाटीत बुडवायचा नाही. वाढायचा चमचा वेगळा. दाट करण्यासाठी मिळणारी झँथन गमची पावडर लाळेला दाद देत नाही, पाण्यासाठी तीच वापरली. इसबगोल कधीच वापरू नये: तो घशात गेल्यावरही फुगत राहतो.

तांबड्या रश्श्याचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला होता, आणि कोल्हापुरात तो येणारच. तांबडा रस्सा म्हणजे पाण्याइतका पातळ आणि वर तेलाचा तवंग. सुरुवातीला नाही. पांढरा रस्सा, तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि नारळाचं दूध घालून, गाळून, थोडा आटवून ५ मिली उरेल इतका केला. तो आबांचा पहिला चवीचा घास ठरला. दोन आठवडे नळीवर असलेल्या माणसाला तोंडाने काय मिळतं, याला फार किंमत आहे. जे देता येतं ते त्याच्या घरच्या चवीचं असावं.

घासाची रीत ठरलेली: खुर्चीत ताठ, मान डावीकडे, ५ मिलीचा चमचा, जोराने गिळणं, मग दोनदा कोरडं गिळणं, मग मुद्दाम खोकून पुन्हा एक गिळणं. ‘आ’ म्हणून आवाज ओला येतो का ते ऐकायचं. गप्पा आणि टीव्ही बंद. अर्ध्या तासात जेवण थांबवायचं, थकलेला घसा चुकतो.

पुढची पायरी आसट भात-वरण काट्याने दाबून, कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही असं. मग मऊ शिजलेल्या भाज्या, दीड सेंटीमीटरचे तुकडे. रश्श्यात कुस्करलेली भाकरी मात्र लांबवली. ती मऊ असते म्हणून घरच्यांना सगळ्यात सोपी वाटते, पण तिच्यात दोन जाडी आहेत: तुकडा तोंडात चावला जात असतानाच रस्सा मागे धावतो. मिसळीचंही तसंच, वर फरसाण कुरकुरीत. मिसळ सगळ्यात शेवटी.

सहाव्या आठवड्यात तोंड घासून, दोन जेवणांच्या मध्ये, साधं पाणी एकेका घोटाने सुरू केलं. फुप्फुसं स्वच्छ, खोकला दणकट आणि चालणं-फिरणं सुरू, या तीन अटींवर. दाट पाणी कुणाला आवडत नाही. त्यामुळे माणूस कमी पितो आणि लघवी गडद होते, म्हणून दिवसाचा हिशेब लिहून ठेवायचा.

नळी महिनाभर झाली तेव्हा पोटावरच्या पेग नळीचा विषय निघाला. ‘पोटाला भोक’ म्हणून घरचे घाबरले. चार आठवड्यांहून जास्त नळी लागणार असेल तर पेग सोयीची असते, नाक सोलत नाही आणि नळी निसटत नाही, आणि गरज संपली की ती काढता येते. आबांचं गिळणं दर आठवड्याला सुधारत होतं, म्हणून दोन आठवड्यांची मुदत ठरवून थांबलो. प्रगती अडली असती तर पेगच योग्य होती. सलग तीन दिवस गरजेच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त आहार तोंडाने गेल्यावर, ४३ व्या दिवशी नळी काढली.

तीन महिन्यांनी पुन्हा फीज केली. पाणी स्वरतंतूंच्या वर आलं आणि लगेच परत फिरलं, आठ पायऱ्यांच्या मापावर दुसरी पायरी. डाव्या खळग्यात थोडा साठा शिल्लक आहे. वजन ५९ वर उतरलं होतं, ते ६२ किलो. आबा मान वळवून पेल्याने पाणी पितात, भाकरी रश्श्यात भिजवून आणि रस्सा निथळवून खातात. फरसाणाशिवाय मिसळ झाली. गुऱ्हाळावर जातात, पण तोल पूर्ण आलेला नाही, म्हणून काइलीच्या काठाशी उभं राहणं बंद.

सहा महिन्यांनीही दार उघडत नसतं, तर त्या स्नायूत तो सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन, फुग्याने ते रुंदावणं किंवा शस्त्रक्रियेने स्नायू छेदणं हे मार्ग पाहावे लागले असते. नैसर्गिक सुधारणेला वेळ द्यावा लागतो, म्हणून ही घाई पहिल्या महिन्यांत करत नाहीत. घरच्यांना दिलेल्या कागदावर पाच ओळी आहेत: जेवताना किंवा नंतर आवाज ओला येणं, १००.४ च्या वर ताप, जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त लागणं, महिन्यात दोन किलो वजन उतरणं, आणि जिथे ठसका यायचा तिथे तो अचानक यायचा बंद होणं. यातलं एकही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी तपासणीला यायचं.